युकुलेले सुरात लावताना: प सा ग ध आणि एक तुटलेली तार

युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, घरी आलं त्याच संध्याकाळी मी त्याची तार तोडली. फोनवर ट्यूनरचं ॲप उघडलं होतं आणि कुठेतरी वाचलं होतं की तारांचे सूर जी, सी, ई, ए असे असतात. मी वाद्य मांडीवर घेतलं आणि जमिनीच्या बाजूची तार पहिली, म्हणून ती 'जी'ला लावायला बसले. ॲपवर जी शार्प, म्हणजे जीपेक्षा अर्धा स्वर वर, दिसत होतं. आता जी येईल, मग येईल, असं म्हणत खुंटी पिळत राहिले. ए आला, ए शार्प आला, बी आला. सी येता येता टण्‌कन आवाज झाला आणि तारेचं टोक मनगटावर बसलं.

आई आतून बाहेर आली. तिने आयुष्यभर पेटी वाजवली आहे. माझ्या हातातली लोंबती तार बघून म्हणाली, "अगं, केवढी ताणलीस! थेट तार सप्तकात निघाली होतीस की काय?"

खरंच तसंच झालं होतं. त्या एका तारेवर मी दोन चुका एकदम केल्या होत्या. सुरांची नावं तारांना उलट्या क्रमाने लावली आणि खाली उतरायचं सोडून वर चढत गेले. त्यानंतर ओळखीच्या चार-पाच जणांची युकुलेले लावून दिली, तेव्हा लक्षात आलं की बहुतेकांचं गाडं याच दोन ठिकाणी अडतं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

जवळ काय हवं

- क्लिप ट्यूनर किंवा फोनवरचं ट्यूनरचं ॲप. दोन्हींपैकी एक पुरे. पण घरात पंखा, टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असतील तर क्लिप ट्यूनरच बरा. तो वाद्याच्या डोक्याला चिमट्यासारखा लागतो आणि लाकडाच्या कंपनांवरून सूर ओळखतो, त्यामुळे खोलीतल्या गोंगाटाचा त्याला फारसा त्रास होत नाही. ॲप मात्र माइकवरून ऐकतं, आणि पंख्याची घरघरही.
- मऊ शिसाची पेन्सिल. कशाला, ते पुढे सांगते.
- तारांचा एक जादा संच. हे मी तार तुटल्यावर शिकले.
- घरात पेटी किंवा कीबोर्ड असेल तर उत्तम. नसेल तरी काही अडत नाही.

१. आपलं युकुलेले कोणत्या मापाचं आहे ते बघा

युकुलेलेची चार मापं प्रचलित आहेत: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन. पहिली तीन एकाच पद्धतीने लावतात, जी-सी-ई-ए. बॅरिटोन सगळ्यांत मोठं. त्याच्या तारा डी-जी-बी-ई अशा असतात, म्हणजे गिटारच्या खालच्या चार तारांसारख्या. बॅरिटोन घेऊन कोणी या लेखाप्रमाणे लावायला बसलं तर घोटाळा होईल. माप खोक्यावर किंवा आतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. गोल भोकातून आत डोकावून बघा.

आणखी एक गोष्ट तपासा. चौथी तार, म्हणजे वाद्य हातात धरल्यावर हनुवटीच्या बाजूची तार, बाकीच्यांपेक्षा जाड आहे का? किंवा तिच्यावर धातूचा बारीक वेढा आहे का? असेल तर ती 'लो जी' आहे, म्हणजे नेहमीच्या जीपेक्षा एक सप्तक खालची. टेनरवर ती बऱ्याचदा दिसते. ती तार नेहमीच्या जीपर्यंत चढवायला जाल तर माझी संध्याकाळ तुमच्याही वाट्याला येईल. उलट, साधी बारीक तार लो जीपर्यंत उतरवली तर ती नुसती लोंबेल. ज्या सुरासाठी जी तार बनलेली आहे, तिथेच ती लावायची.

२. तारा जमिनीकडून मोजायच्या

पहिली तार जमिनीच्या बाजूची, चौथी हनुवटीच्या बाजूची. सूर मात्र चौथीपासून पहिलीकडे सांगतात: जी, सी, ई, ए. म्हणजे तारांचे आकडे एका दिशेने आणि सुरांची नावं दुसऱ्या दिशेने. नवशिक्याचा गोंधळ उडावा म्हणूनच कोणीतरी ही सोय केली असावी असं मला वाटतं.

| तार | सूर | कंपनं दर सेकंदाला |
|---|---|---|
| चौथी (हनुवटीकडची) | जी | ३९२ |
| तिसरी | सी | २६१.६ |
| दुसरी | ई | ३२९.६ |
| पहिली (जमिनीकडची) | ए | ४४० |

आकडे नीट बघितलेत तर एक गंमत दिसेल. गिटारवर वरून खाली येताना सूर चढत जातात. इथे चौथी तार उंच, तिसरी एकदम खाली, मग पुन्हा चढण. सगळ्यांत खालचा सूर तिसऱ्या तारेवर आहे. युकुलेलेचा तो खळखळता, हलका आवाज बराचसा याच उलटसुलट मांडणीमुळे येतो. म्हणून चौथी तार उंच वाजली की काहीतरी चुकलं असं समजून ती उतरवू नका. गिटार वाजवणाऱ्यांना हा मोह हमखास होतो.

हे वाद्य हवाई बेटांवरचं. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर घेऊन रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूला पोचलं. त्यांच्याबरोबर आलेल्या मशेत नावाच्या छोट्या तंतुवाद्यापासून त्यांच्यातल्याच सुतारांनी तिथे युकुलेले घडवलं. हवाई भाषेतल्या नावाचा अर्थ 'उड्या मारणारी पिसू' असा सांगतात, आणि इंग्रजीत तारांचे चार सूर लक्षात ठेवायला 'माय डॉग हॅज फ्लीज' असं गुणगुणतात. कुत्रा आणि पिसवा आपल्याला नकोत. आपल्याकडे याहून सोपी युक्ती आहे, ती सहाव्या पायरीत सांगते.

३. कोणती खुंटी कोणत्या तारेची

वाद्य उभं धरा, तोंड तुमच्याकडे. डावीकडच्या दोन खुंट्या जी आणि सीच्या. त्यांत खालची, म्हणजे मानेला जवळची, जीची आणि वरची सीची. उजवीकडे खालची एची, वरची ईची. तरीही खुंटीला हात लावण्याआधी ती तार बोटाने खुंटीपर्यंत माग काढत जा. एक तार छेडून दुसरीचीच खुंटी पिळणं हा तार तोडायचा सगळ्यांत लोकप्रिय मार्ग आहे. काटा हलत नाही म्हणून माणूस आणखी पिळतो, आणि बिचारी शेजारीण ताणली जाते.

खुंटी कोणत्या बाजूला फिरवली की सूर चढतो, हे पाठ करू नका. तार कोणत्या बाजूने गुंडाळली आहे त्यावर ते ठरतं. पाव फेरा फिरवा, तार छेडा, ऐका. चढला की उतरला ते लगेच कळेल.

काही छोट्या किंवा जुन्या धाटणीच्या युकुलेलेंना दातेरी चाकं नसतात. खुंट्या सरळ मागे जातात आणि नुसत्या घर्षणावर टिकतात. तुमची तशी असतील तर केसभर फिरवलं तरी सूर उडी मारतो. अशा खुंटीच्या टोकाला बारीक स्क्रू असतो. खुंटी आपोआप सैल होत असेल तर तो किंचित आवळा. फार आवळलात तर खुंटी फिरणारच नाही.

४. ट्यूनरची सेटिंग आधी बघा

पडद्यावर ४४० आकडा दिसतो का ते पाहा. क्लिप ट्यूनरच्या बटणाला चुकून धक्का लागतो आणि ४४०चे ४३७ किंवा ४४३ होतात. मग ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, पण दुसऱ्या कोणाबरोबर वाजवायला बसलात की तुमचं वाद्य वेगळंच बोलतं.

दुसरं, मोड. बऱ्याच ट्यूनरवर गिटार, बास, व्हायोलिन, युकुलेले आणि क्रोमॅटिक असे पर्याय असतात. सुरुवातीला युकुलेले निवडा. गिटार मोडमध्ये सी आणि एफ हे सूरच नसतात, त्यामुळे तो तुमच्या सी तारेला ओढूनताणून डी किंवा बी करायला सांगेल. क्रोमॅटिक मोड सगळे सूर दाखवतो आणि पुढे तोच जास्त उपयोगी पडतो, पण पुष्कळ ट्यूनर सप्तक दाखवत नाहीत. वरचा सी असो की खालचा, पडद्यावर नुसता सी दिसतो. माझी तार तिथेच गेली.

५. आता एकेक तार लावा

पहिल्यांदा सी लावा, मग ई, मग ए, शेवटी जी. सीपासून सुरुवात का, ते पुढच्या पायरीत कळेल.

तार अंगठ्याच्या मऊ भागाने, हळू छेडा. मान जिथे वाद्याच्या अंगाला मिळते तिथे छेडलेलं उत्तम. बाकीच्या तीन तारा दुसऱ्या हाताने अलगद दाबून गप्प ठेवा, नाहीतर त्याही थरथरतात आणि ट्यूनर गोंधळतो. छेडल्या क्षणी काटा थोडा वर उडतो. तो स्थिरावला की मगच वाचा. नखाने जोरात छेडलं की सूर चढाच दिसतो, आणि मग तुम्ही तार उगाच उतरवता.

काटा डावीकडे म्हणजे सूर उतरलेला, उजवीकडे म्हणजे चढलेला. मधोमध आला की जमलं.

यातली सगळ्यांत कामाची गोष्ट ही: सूर नेहमी खालून वर चढवत आणून थांबवा. तार चढी असेल तर ती सरळ उतरवत बरोबर जागी आणू नका. मुद्दाम थोडी जास्त उतरवा आणि मग वर घ्या. दात्यांमध्ये थोडी मोकळी जागा असते. उतरवत आणून थांबलात तर ती ढिलाई तशीच राहते आणि दोन मिनिटं वाजवल्यावर तार आणखी उतरते. चढवत आणलं की खुंटी ताणाच्या बाजूने पक्की बसते. तंबोरा लावणारी माणसंही हेच करतात. आईला हे सांगायला गेले तर म्हणाली, "यात नवीन काय?"

चारही तारा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून बघा. शेवटची तार लावेपर्यंत पहिली किंचित सरकलेली असते. दोन-तीन फेऱ्या लागतात. नवीन तारा असतील तर पाचही.

काही सुचेनासं झालं, सूर कुठे आहे तेच कळत नसेल, तर तार सरळ सैल करा, अगदी लोंबेपर्यंत. मग हळूहळू चढवत या. वाटेत जो पहिला योग्य सूर भेटेल तोच तुमचा. सैल तार कधी तुटत नाही.

६. प सा ग ध

मी पहिल्यांदा नीट सूर लावले तेव्हा आईने चारही तारा एकामागून एक ऐकल्या आणि पेटी पुढे ओढली. पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. "हे तर प सा ग ध आहे," ती म्हणाली. पांढरी एकला सा धरला की युकुलेलेच्या तारा बरोबर प, सा, ग, ध बोलतात, सगळे एकाच सप्तकातले. थोडंफार गाणं शिकलेल्या माणसाला हे एकदा कळलं की पुन्हा चुकणं नाही. ट्यूनर उघडायच्या आधी मी आजही प सा ग ध गुणगुणते आणि तार छेडते. सूर फारच लांब असेल तर कानालाच कळतं, आणि सप्तकाची चूक तर होतच नाही.

पेटीवरून लावायचं असेल तर मधल्या सप्तकातल्या पट्ट्या घ्या आणि एकच स्टॉप उघडा. खर्जाचे आणि मधले स्वर एकदम वाजायला लागले की नवख्या कानाला कोणता धरायचा ते कळत नाही. शिवाय जुनी पेटी ४४०वर असेलच असं नाही. पेटीबरोबरच वाजवायचं असेल तर पेटी म्हणेल तेच खरं, ट्यूनर बाजूला ठेवा.

तंबोऱ्याचं ॲप वापरणाऱ्यांसाठी एक सापळा. तंबोरा पांढरी एकला, पंचमात लावला, तर सी आणि जी या तारा त्याच्याशी छान जुळतात. षड्‌ज-पंचमाचा फरक नगण्य, अवघा दोन सेंट. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पण तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार ट्यूनरच्या ईपेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. कान तयार असेल तर ई तार त्या गंधाराशी जुळवायचा मोह होईल. जुळवलीत तर ती एकटी अतिशय गोड वाजेल, पण मानेवरचे पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, त्या हिशोबाने ठोकलेले नसल्यामुळे दुसरे कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन-चार सूर) धरले की बेसूर होईल. ई आणि ए ट्यूनरवरच सोडा.

घरात कोणी काळी एकमध्ये गात असेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर चढवण्यापेक्षा पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. कॅपो लावल्यावर मात्र सूर एकदा तपासून घ्या, त्याच्या दाबाने तारा थोड्या चढतात.

७. ट्यूनर नसताना

फक्त सी कुठून तरी मिळाला की पुरे, पेटीवरून किंवा फोनवरून. मग:

- सी तार चौथ्या पडद्यावर दाबा. जो सूर येईल तो मोकळ्या ई तारेचा.
- ई तार तिसऱ्या पडद्यावर दाबा. तो मोकळ्या जीचा.
- ई तार पाचव्या पडद्यावर दाबा. तो मोकळ्या एचा.

पडताळ्यासाठी जी तार दुसऱ्या पडद्यावर दाबा आणि मोकळ्या एबरोबर वाजवा. दोन्ही सूर एकच हवेत. अगदी जवळ येऊनही जुळले नसतील तर आवाजात लाटा ऐकू येतात, वांव, वांव, वांव. एक तार ४४० आणि दुसरी ४३७ असेल तर सेकंदाला तीन लाटा. जुळत आणलं की लाटा लांबतात, मंदावतात आणि मग विरून जातात. हे एकदा शांत खोलीत, दार लावून ऐकाच. मला त्या लाटा ऐकू यायला चार दिवस लागले, आणि एकदा आल्यावर आता कोणाचंही वाद्य बेसूर असलं की मी बेचैन होते. लग्नातल्या बँडचंही.

८. लागलंय का, ते कॉर्डवर तपासा

मोकळ्या तारा बरोबर असूनही कॉर्ड बेसूर वाजू शकतं. अनामिका ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवा, बाकी तारा मोकळ्या. हा सी मेजर. ए तारेवर आता वरचा सी आहे. तो तिसऱ्या तारेवरच्या खालच्या सीशी जुळतो का ते ऐका.

जुळत नसेल तर आधी स्वतःचं बोट तपासा. नवशिका पडदा तोडायचा असल्यासारखी तार दाबतो, आणि जोर दिला की सूर चढतो. तार बाजूला ओढली गेली तरी चढतो. पडद्याच्या अगदी मागे, जेमतेम आवाज येईल इतकंच दाबा.

तरीही जमलं नाही तर बाराव्या पडद्यावर तार दाबून ट्यूनर बघा. तिथे मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर यायला हवा. काटा थोडा इकडेतिकडे असला तर चालवून घ्या. पाव स्वराने चुकत असेल तर दोष वाद्याचा आहे, तुमचा नाही. शोभेच्या, खेळण्यातल्या युकुलेलेंचे पडदे कधीकधी चुकीच्या जागीच बसवलेले असतात, आणि ती जगातल्या कोणत्याही ट्यूनरने सुरात येत नाहीत. माझ्या भाच्याला वाढदिवसाला आलेलं युकुलेले तसंच होतं. ते आता भिंतीवर छान दिसतं.

९. लावलं, पण पाच मिनिटांत उतरलं

नवीन तारा असतील तर हे होणारच. दुकानदाराला फोन करू नका. नायलॉन आणि फ्लोरोकार्बनच्या तारा ताणल्यावर काही दिवस लांबत राहतात. रोज वाजवलंत तर आठवडा-दोन आठवड्यांत बऱ्याच स्थिरावतात. घाई असेल तर तार सुरात लावा, बाराव्या पडद्यापाशी बोटाने हलकेच वर उचलून सोडा, पुन्हा लावा. असं तीन-चारदा. हलकेच म्हणजे खरंच हलकेच, धनुष्य ओढल्यासारखं नव्हे.

तारा जुन्या असूनही उतरत असतील तर घोडीकडची, म्हणजे तारा खाली जिथे बांधतात त्या पट्टीकडची, गाठ बघा. ती सरकत असेल तर सैल करून नीट बांधावी लागते. खुंटीवर तारेचे निदान दोन वेढे हवेत.

खुंटी फिरवताना सूर आधी हलत नाही, आणि मग 'टिक' असा आवाज येऊन एकदम उडी मारतो? मग तार वरच्या खाचेत अडकते आहे. तिथे ती पेन्सिल. तार सैल करून बाजूला सरकवा, खाचेत शिसं घासा, तार परत बसवा. ग्रॅफाइटवरून तार घसरते आणि सूर सावकाश चढतो.

हवामानाचाही खेळ असतो. ठाण्यात जून लागला की माझं वाद्य रोज वेगळ्या सुरात भेटतं, आणि एसीच्या खोलीतून बाहेर आणलं की दहा मिनिटांत पुन्हा बदलतं. म्हणून जिथे वाजवणार त्या खोलीत ते थोडा वेळ ठेवा, मगच लावा. मे महिन्यात बंद गाडीत तर ठेवूच नका. तिथे सूर जाणं ही सगळ्यांत छोटी गोष्ट, डिंक सुटून घोडी उखडू शकते.

वाजवायला बसलात की दर वेळी लावायचं, आणि मध्ये एकदा बघायचं. सवय झाली की एक मिनिटही लागत नाही. रोज वाजवत असाल तर रात्री तारा सैल करून ठेवायची गरज नाही.

क्लिप ट्यूनर काम झालं की बंद करून काढून ठेवा. मी तो वाद्याच्या डोक्यावर चालूच विसरते. बऱ्याच ट्यूनरमध्ये सीआर२०३२ नावाची गोल चपटी बॅटरी असते. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. एक तारांच्या पाकिटात टाकून ठेवा, ए तारेच्या शेजारी.